झोपेत लिहिलेला भाग

झोपेवर पोट भरणारी माणसं जगात दोनच. एक गादीवाला आणि दुसरा मी. त्यातही गादीवाल्याला दुकानात जागं राहावं लागतं. मी टीव्हीसाठी विनोदी मालिका लिहितो, आणि सांगायला संकोच कसला, गेल्या चौदा वर्षांत मी एकही प्रसंग धड जागेपणी लिहिलेला नाही. मध्ये दोन सिनेमेही लिहिले. त्यातल्या एकात प्रेक्षकसुद्धा झोपले, पण तो विषय वेगळा.

माझी पद्धत सोपी आहे. दुपारचं जेवण झालं की हॉलमधल्या लांब कोचावर आडवं व्हायचं. पडदा अर्धाच ओढायचा. पूर्ण ओढला तर गाढ झोप लागते, आणि गाढ झोपेत विनोद नसतो, तिथे नुसतं घोरणं असतं. विनोद असतो तो काठावर. म्हणजे अंग झोपलेलं आहे, पंख्याची घरघर लांब लांब जाते आहे, आणि पापणीच्या आत अजून थोडा उजेड शिल्लक आहे. त्या उजेडात माझी पात्रं हळूहळू येऊन बसतात आणि बोलायला लागतात. मी मध्ये बोलत नाही. जाग आली की डोळे न उघडता उशाचा फोन घ्यायचा, रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं आणि ऐकलेलं सगळं सांगून टाकायचं. बस, झाला भाग!

ते रेकॉर्डिंग जातं आमच्या टंकलेखकाकडे. हे गृहस्थ तीस वर्षं कोर्टात स्टेनो होते. साक्षीदार खोकला तर ‘साक्षीदार खोकतो’ हेही टाइप करायची सवय. ऐकलेल्यातलं ते काही सोडत नाहीत, पदरचं काही घालत नाहीत आणि कशालाच हसत नाहीत. त्यांना सगळे बिनचूक म्हणतात, आणि त्यांना वाटतं हे कौतुक आहे.

आता एक कबुली देतो, कारण पुढे ती लागणार आहे. काठावर जी पात्रं बोलतात ती बऱ्याचदा आदल्या दिवशी माझी बायको जे बोलली तेच बोलतात. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर लोकांच्या नळाचं पाणी बाटल्यांत घेऊन त्यात काय काय आहे ते बघायचं, आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, ही तिची नोकरी. घरीही ती तशीच बोलते. शांतपणे, एक वाक्य, आणि पुढे चालू. मी ते वहीत टिपतो. वही कोचाखाली असते. याला चोरी म्हणू नये. मी याला स्वप्न म्हणतो.

तर झालं असं, की एका सोमवारी चॅनेलच्या मॅडमनी मला बोलावलं. त्यांच्या खोलीत काचेच्या पलीकडे माणसं आवाज न करता हिंडत होती, त्यामुळे मला तिथेही थोडी पेंग आली.

“तुमच्या मालिकेतली वहिनी,” मॅडम म्हणाल्या, “नोटीस वाचल्यासारखी बोलते.”

मी जागा झालो.

“घरातली मुख्य बाई आहे ती. तिला काय वाटतं ते चारशे भागांत एकदाही कळलेलं नाही. येत्या शुक्रवारच्या भागात तिला बोलू द्या. खरं बोलू द्या. नाहीतर मी दुसरा लेखक बघते.”

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती चष्मा पुसत होती.

“मग?” तिने विचारलं.

“मग काय. बायकोच्या मनातलं लिहायचंय. त्यात काय अवघड आहे?”

“काही नाही,” ती म्हणाली. “झोप जा.”

मंगळवारी झोपलो, काही आलं नाही. वहिनी येऊन बसली आणि नोटीस वाचून गेली. बुधवारी मला वाटलं, चूक बटणात आहे. जाग येते, मी फोन शोधतो, तेवढ्यात स्वप्न हातचं जातं. म्हणून त्या दिवशी मी रेकॉर्डिंग आधीच सुरू केलं, फोन छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. इतकी साधी युक्ती चौदा वर्षांत कशी सुचली नाही, याचं नवल करत करत झोपलो.

आणि काय झोप लागली म्हणून सांगू! मी एका घरात होतो, त्या घराला भिंती नव्हत्या, नुसती दारं होती. एक दार उघडलं की पुढे आणखी एक. कुठल्या तरी पलीकडच्या खोलीत खूप माणसं एकत्र हसत होती. ते हसू ऐकू येत होतं, पण मी दार उघडलं की खोली एक दार पुढे सरकायची. मला घाई नव्हती. पायाखाली ऊन होतं, कोमट, गुडघ्यापर्यंत, आणि मी त्यातून चालत होतो. आणि त्या सगळ्यात एका बाईचा आवाज होता. लांबून, पाण्याखालून यावा तसा, सारख्या लयीत. शब्द कळत नव्हते. पण मला इतकं बरं वाटत होतं, की मी झोपेत मोठ्याने हसलो असणार. वाटलं, ही वहिनी. अखेर बोलायला लागली.

जाग आली तेव्हा पाच वाजले होते. बायको आतल्या खोलीत इस्त्री करत होती. बुधवारी तिला अर्धा दिवस असतो, हे माझ्या लक्षातच नव्हतं. फोन छातीवरून घसरून पोटावर आला होता आणि रेकॉर्डिंग चालूच होतं. स्वप्नातलं एक अक्षर आठवत नव्हतं, पण फोनने ऐकलं असणार, कारण मी काठावर बोलतो असं मला आईने लहानपणीच सांगितलेलं आहे. मी न ऐकता ते बिनचूककडे पाठवून दिलं.

गुरुवारी सकाळी आठ पानं आली. मी ब्रश तोंडात धरून वाचायला लागलो आणि तसाच वाचत राहिलो.

प्रसंग साधा होता. वहिनी फोनवर आपल्या ताईशी बोलते आहे. पलीकडचं बोलणं नाही, फक्त तिचं. समोर नवरा झोपलेला.

“हो, झोपलाय. नाही गं, आजारी कशाला? कामावर आहे.”

“त्याच्याशी भांडता येत नाही ताई. मी रागाने काही बोलले की तो वही काढतो. परवा मी रडत होते तर म्हणाला, जरा सावकाश.”

“गॅस संपलाय म्हटलं, तर म्हणाला, छान आहे, पुढच्या भागात टाकू. भागात आला. घरात अजून आलेला नाही.”

“सासूबाई म्हणतात, माझा मुलगा लहानपणापासून वेगळा होता. मी म्हटलं, माझी हरकत नाही, फक्त लग्नाआधी सांगायचं होतं.”

मी आरशात स्वतःकडे आदराने पाहिलं. बाईच्या मनात मी इतका खोल उतरलो होतो, आणि तेही जागा न होता. तो नवरा थोडा ओळखीचा वाटला खरा. पण चांगल्या लेखनात सगळेच ओळखीचे वाटतात. पुढे तर कमाल होती.

“प्रयोगशाळेत परवा मी सहज काही बोलले, तर सगळ्या म्हणाल्या, मालिकेतलं वाक्य मारलंस. माझंच वाक्य ताई! लग्नाच्या सोळा वर्षांत जे बोलले ते सगळं टीव्हीवर येऊन गेलं. आता माझ्याकडे माझं असं काही शिल्लकच नाही.”

वहिनी मालिकेत गृहिणी आहे, तिला प्रयोगशाळा कुठली, हा प्रश्न मला पडला. मी ‘प्रयोगशाळा’ खोडून ‘भिशी’ केलं. लेखक म्हणून एवढं लक्ष हवंच.

फक्त शेवट मला पटला नाही. शेवटी तीन वाक्यं होती, आणि ती एकदम हळवी. इतकं झणझणीत बोलून बाई शेवटी असं गोड कशाला बोलेल? झोपेत माझा तोल गेला असणार. मी लाल पेन घेतलं, तिन्ही वाक्यांवर आडवी रेघ मारली, समासात शेरा लिहिला आणि पानं दिग्दर्शकाला पाठवली.

अर्ध्या तासात त्याचा फोन. “हे तू झोपेत लिहिलंस?”

“झोपेतच,” मी म्हणालो. तोवर या प्रकरणात मी बोललेलं एवढं एकच वाक्य खरं होतं.

मॅडमचाही फोन आला. त्यांनी पानं दोनदा वाचली होती आणि या भागात माझं नाव शेवटी न घालता सुरुवातीला, मोठ्या अक्षरांत घालायचं ठरवलं होतं. मी बायकोला सांगितलं, उद्याचा भाग बघच. ती डबा भरत होती. “मी बोललेलं मी परत कशाला ऐकू,” ती म्हणाली आणि कामाला गेली. ती मालिका कधीच बघत नाही. तेव्हा मला याचं वाईट वाटलं होतं.

दुपारी चित्रीकरण होतं. मी सेटवर गेलो तो कोचामागे दोन माणसं पाण्याचा पंप बसवत होती.

“हा कशाला?” मी विचारलं.

“तुम्हीच लिहिलंय,” कलाविभागाचा माणूस म्हणाला आणि पान दाखवलं. कंसातलं मी कधी वाचत नाही, तिथे टाइप केलं होतं: ‘मागे सतत पाण्याचा पंप चालू असल्यासारखा आवाज. मधूनच बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. एकदा हसल्यासारखा येतो.’

पंप हसतो कसा, यावर तिथे चर्चा चालू होती. मी बिनचूकना शोधलं. ते कोपऱ्यात ताठ बसले होते.

“साहेब,” ते म्हणाले, “मी सहसा मत देत नाही. पण बाईंकडून वाचून घेतलंत हे उत्तम केलंत. फार स्वच्छ उच्चार.”

“कोणत्या बाई?”

“तुमच्या. आवाज ओळखतो मी. फोन त्याच उचलतात की.”

त्यांनी माझ्या कानात इअरफोन घातला. आधी पंप ऐकू आला. तो मी होतो. आणि पंपाच्या पलीकडे, अगदी जवळ, कप बशीवर ठेवल्याचा आवाज, आणि माझी बायको: “हो, झोपलाय. नाही गं, आजारी कशाला? कामावर आहे.”

माझ्या पायाखालचं ऊन गेलं. तेवढ्यात “शांतता!” अशी हाक आली, बिनचूकनी इअरफोन काढून घेतला, आणि समोर वहिनीचं काम करणारी बाई माझ्या बायकोचं मन दिव्यांच्या झगझगीत उजेडात बोलायला लागली. फार सुंदर बोलली. पहिल्याच टेकला साठ माणसं हसली, पंपवालासुद्धा. माझ्या स्वप्नातल्या पलीकडच्या खोलीतलं हसू हेच होतं, आणि मी एकदाचा त्या खोलीत पोचलो होतो. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

“हा प्रसंग काढून टाक,” मी दिग्दर्शकाला म्हणालो.

“वेड लागलं का?”

“तो माझा नाही. बायकोचा आहे. ती तिच्या बहिणीशी बोलत होती. खाजगी.”

तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “चांगलं लिहिलं की मलाही असंच वाटतं. लाजू नकोस.” मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, जाहिरात सकाळपासून सुरू आहे, आणि हा नम्रपणा मला फार आवडला.

घरी आलो. ठरवलं होतं, जाताक्षणी सांगायचं. बायको भाजी निवडत होती. “काय रे, बरं नाही का?” तिने विचारलं. मी म्हणालो, “गॅस आणू का?” तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मी रात्र कोचावर काढली आणि चौदा वर्षांत प्रथमच त्या कोचावर मला झोप आली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सव्वासातला मी टीव्हीच्या मागे शिरून केबल काढली. आई आमच्याकडेच असते आणि मालिका चुकवत नाही. ती आतून आली, काळ्या पडद्याकडे तिने क्षणभर पाहिलं, जिन्यातून खाली वाकली आणि हाक मारली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर हाक दिली, “या की सगळे इकडेच! आणि सूनबाईंनाही आणा, आज म्हणे खास भाग आहे!” बायको नाही म्हणाली असती. पण काकूंनी स्वतः वर येऊन तिचा हात धरला. मी म्हणालो माझं डोकं दुखतंय. काकू म्हणाल्या, हसलं की थांबेल.

काकूंच्या खोलीत दहा माणसं होती. मी दाराशी उभा राहिलो. पडद्यावर माझं नाव आलं, इतकं मोठं, की आईने पदराने डोळे पुसले. मग वहिनीने फोन उचलला.

पहिल्या वाक्याला बायकोच्या हातातला पेला हवेतच थांबला. दुसऱ्याला तिने तो खाली ठेवला. वहीचं वाक्य आलं तेव्हा काका मांडीवर हात मारून हसले. सासूबाईंचं वाक्य आलं तेव्हा सगळ्यात जास्त माझी आई हसली आणि बायकोला म्हणाली, “असतात हो एकेका घरात अशा.” बायको पडद्याकडे बघत होती. पाण्याच्या बाटलीकडे बघते तशी, आत काय आहे ते चेहऱ्यावर न आणता. ‘माझ्याकडे माझं असं काही शिल्लकच नाही’ हे आलं तेव्हा खोली शांत झाली. पंपाचा आवाज तेवढा राहिला, मग तोही बंद पडला आणि भाग संपला.

“काय लिहिता हो तुम्ही!” काकू म्हणाल्या. मी खाली मान घालून उभा होतो. लोकांना तो विनय वाटला.

वर आल्यावर आई झोपायच्या तयारीला गेली. बायको कोचावर बसली, माझ्या जागेवर. मी समोरच्या खुर्चीत बसलो, तिच्या. भराभर सगळं सांगितलं, बटण, छाती, बिनचूक, पंप. मुद्दाम केलं नाही हे चारदा सांगितलं.  माझं संपल्यावर ती म्हणाली,

“शेवटचं कुठे गेलं?”

“काय शेवटचं?”

“मी फोन ठेवायच्या आधी ताईशी बोलले ते. तीन वाक्यं होती. इतकं सगळं ऐकलंस, मग ते कुठे गेलं?”

मी पानं आणून दिली. नसती दिली तर बरं झालं असतं, पण त्या क्षणी खोटं बोलायचं बळ नव्हतं. शेवटचं पान तिने दिव्याजवळ धरलं. लाल रेघेखालची वाक्यं स्पष्ट दिसत होती. ‘सोडून कुठे जाऊ गं. तो झोपेत हसतो ना, तेव्हा मी चहा घेऊन समोर बसते, तो हसायचा थांबेपर्यंत. तेवढं एक त्याला माहीत नाही, म्हणून ते अजून माझं आहे.’

आणि शेजारी समासात, माझ्या अक्षरात शेरा. तो तिने मोठ्याने वाचला.

“खरं वाटत नाही. बायका असं बोलत नाहीत. काढा.”

मला वाटलं, आता ती रडेल किंवा पान फाडेल. मला खरंच खूप वाईट वाटत होतं, आयुष्यात कधी वाटलं नव्हतं इतकं. चौदा वर्षं मी तिचं प्रत्येक वाक्य उचललं, आणि जे माझ्यासाठी होतं तेवढंच नेमकं ओळखलं नाही. ती मात्र हसायला लागली. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग चष्मा काढून ठेवावा लागला. मी तिला हसवायला इतक्या वर्षांत काय काय केलं होतं, ते सगळं फुकट. एका शेऱ्याने काम झालं.

“बरं झालं,” ती डोळे पुसत म्हणाली. “तेवढं एक वाचलं. आता ते कुठे लिहायचं नाही. टीव्हीवर नाही, सिनेमात नाही.”

“नाही लिहिणार.”

“आणि बाकीचं हवं असेल तर विचारून घ्यायचं. मी देईन किंवा देणार नाही.”

“चालेल.”

“आणि ती वही दे.”

वही आता तिच्या कपाटात असते. मी रोज विचारतो. चारांतली तीन वाक्यं ती देत नाही, आणि देते ती कारण सांगून देते. वहिनी पुन्हा नोटिशीकडे वळली आहे. मॅडमनी मला काढलं नाही, फक्त मालिका दुपारी अडीचच्या वेळेला टाकली. ती माझी कामाची वेळ असल्यामुळे मी ती पाहिलेली नाही.

पण बुधवारची दुपार मात्र आता वेगळी असते. पडदा अर्धा असतो, पंखा लांब जातो, आणि समोर कप बशीवर ठेवल्याचा आवाज येतो. मला जाग आली तरी मी डोळे उघडत नाही. तिला तेवढं असावं म्हणून पडल्या पडल्या थोडं हसतो. परवा बऱ्यापैकी हसलो, दोन-तीन मिनिटं. चहाचा एक घोट घेतल्याचा आवाज आला, मग तिचा.

“पुरे आता. झोपेत तुझं टायमिंग इतकं वाईट नसतं.”

वाक्य चांगलं होतं. माझा हात आपोआप कोचाखाली गेला. तिथे वही नव्हती, आणि ती बघत होती, म्हणून मी जरा उशी सारखी केली.

टीव्हीवर नाही आणि सिनेमात नाही, असा शब्द मी दिला होता, आणि तो पाळला आहे. कथेचं काही बोलणं झालं नव्हतं. तरी तुम्ही हे वाचलंत ते आमच्या घरी कुणाला सांगू नका.